मोरीच्या पाण्यावरचा पुदिना

लग्न होऊन या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात मी पुदिन्याची चटणी खायला नकार दिला. कारण साधं होतं. घरामागं मोरी, मोरीचं पाणी सिमेंटच्या छोट्या पन्हळीतून बाहेर पडतं, आणि ते जिथं मुरतं तिथं दोन हात रुंद आणि पाच-सहा हात लांब असा पुदिन्याचा वाफा. त्या पाण्यात आंघोळीचा साबण, भांड्यांचा खरकटा फेस, कपड्यांची पावडर, सगळं काही. मी तेव्हा बारामतीच्या एका फार्मसी कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते. औषधी वनस्पती हा माझा विषय. पुदिन्याचं शास्त्रीय नाव, कूळ, पानातल्या तेलाचे घटक मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. त्यामुळं ताटातली चटणी बाजूला सारून मी सरळ म्हणाले, "त्या पाण्यावरचं मी खाणार नाही." नव्या सुनेनं असं बोलायचं नसतं हे कळत होतं. पण आपलं बरोबर आहे अशी खात्री असली की मला गप्प बसवत नाही, ही माझी जुनी खोड आहे.

आत्या चिडल्या नाहीत. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्या म्हणायची रीत आहे. त्या उठून मागं गेल्या, एक डहाळी खुडून आणली, पान दोन बोटांत चुरडलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"नगं खाऊस. पर वास तरी घे, मास्तरीणबाई."

मी वास घेतला. कॉलेजच्या बागेत कुंडीतला पुदिना मी शंभरदा हुंगला होता, पण हा त्याच्या दुप्पट होता. गोडसर, ओलसर, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी किंचित तिखट. त्या म्हणाल्या, "मोरीचं पाणी लागतं त्याला. हिरीच्या पाण्यावर नुसता पाला वाढतो."

याला शास्त्रात कसलाही आधार नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. दोन महिन्यांनी चटणी खायला लागले. तीन महिन्यांनी त्या पुदिन्याच्या दोन मुळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून बारामतीला नेल्या आणि रंगाच्या रिकाम्या बादलीत लावल्या. ती बादली आजही बारामतीला लागून असलेल्या जळोचीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत आहे.

घराची मांडणी सांगायला हवी. मी आणि नवरा नोकरीमुळं जळोचीत राहतो. सासरचं गाव इंदापूरच्या बाजूला आहे, गाडीनं तासाभराचं अंतर. तिथं आत्या, माझे धाकटे दीर आणि जाऊ. दीर शेती बघतात: ऊस, थोडा मका, घरापुरता भाजीपाला. घर सिमेंटचं, चार खोल्यांचं, पुढं ओटा. माझ्या बहुतेक रविवारांचा पत्ता तोच. नवऱ्याला सुट्टीच्या दिवशी झोप प्यारी, म्हणून मी एकटीच गाडी काढून जाते. लोकांना वाटतं मला सासरची ओढ आहे. खरं सांगायचं तर मला आत्यांचं काम बघायची ओढ होती.

त्या कामाला नाव नव्हतं. कुणाचं पोट दुखलं, कुणाला मळमळलं, कुणाचं जेवण वर आलं, की ते माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसायचं. आत्या आधी त्याला सांगायच्या, "आ कर." मग त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायच्या. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा मला शिसारी आली होती. मग त्या बोलायच्या. "उपाशी राहिलायस." "शिळं खाल्लंस, परवाचं." "हे जागरणाचं पित्त हाय." यानंतर वाफ्यावर जाऊन पुदिना खुडायचा, त्याचं एक पान चुरडून पुन्हा नाकाशी धरायचं, पसंत पडलं तरच बाकीचा घ्यायचा. पसंत पडलं नाही तर, "आज ह्यात जोर न्हाय, दुपारच्याला ये," असं म्हणून माणसाला परत पाठवायचं. तीन पाण्यांतून धुऊन, आलं आणि ओवा घालून, कपभर पाण्याचं अर्धा कप होईस्तोवर उकळायचं. वरून चिमूटभर काळं मीठ. गोड तोंडाचा कुणी आलाच तर गूळ.

मी त्यांना मानायला लागले ते काढ्यासाठी नव्हे. काढा कुणीही करील. मी मानायला लागले ते एका वाक्यासाठी: "हे माझ्या पुदिन्याचं काम न्हाय. इंदापूरला जा, आत्ता जा." वर्षातून चार-पाच वेळा तरी त्या हे म्हणायच्या आणि त्या माणसाला ओट्यावर बसूसुद्धा द्यायच्या नाहीत. एकदा एका माणसाच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय म्हणून त्याला पिटाळलं. त्याची साखर भयंकर वाढलेली निघाली. हे मी वर्गात सांगते, अर्थात कुणाचं ते न सांगता. आत्यांचं गावातलं सगळं वजन त्या नाकावर होतं. शेजारपाजारच्या बायका त्यांना आक्का म्हणायच्या आणि आक्कांनी वास घेतला म्हणजे झालं, असं समजायच्या. नाक नसतं तर त्या इतर चार म्हाताऱ्यांसारख्या एक म्हातारी, बस. हे त्यांनाही ठाऊक होतं.

तेच नाक गेलं.

साथीच्या त्या वर्षी घरातल्या सगळ्यांना ताप येऊन गेला. वास सगळ्यांचाच गेला होता. माझा तीन आठवड्यांनी परत आला. सकाळी गॅलरीत पाणी घालताना एकदम पुदिना जाणवला आणि मी तिथंच खाली बसले. दिरांचा आला, जावेचा आला. आत्यांना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "आला की. मला काय झालंय?" आम्ही विश्वास ठेवला. न ठेवायला काही कारणही नव्हतं.

मला संशय आला तो दुधावरून. त्या चुलीपासून चार हातांवर बसून लसूण सोलत होत्या आणि दूध करपून पातेल्याचं बूड काळं झालं. मी बाहेरून धावत आले. त्या मान वर करून म्हणाल्या, "काय गं?" मग पातेल्याकडं बघून म्हणाल्या, "इसरलेच बघ." वय झालं की माणूस विसरतं, जावेनं मनाशी तसंच धरलं. मी तसं धरलं नाही. मी शिक्षक आहे. संशय आला की मी परीक्षा घेते.

पुढच्या रविवारी कॉलेजच्या बागेतून मी एक डहाळी नेली. पेपरमिंटची. दिसायला पुदिन्याचा सख्खा भाऊ, पण वास अगदी वेगळा: थंड, नाकात झणझणीत घुसणारा, बामाच्या डबीची आठवण करून देणारा. ज्याला नाक आहे त्याला दोन हातांवरून कळेल. माझ्या वर्गातली निम्मी मुलं परीक्षेत दोन्हींच्या तेलात गोंधळ घालतात, पेपरमिंटमधलं मेंथॉल पुदिन्यात लिहून ठेवतात, पण समोर डोळे मिटून वास दिला तर ढ मुलगाही चुकत नाही. ती डहाळी मी आत्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बघा, आपला पुदिना कसा फोफावलाय."

त्यांनी डहाळी उलटसुलट केली. अंगठा दांड्यावरून फिरवला. एक पान चुरडलं, नेहमीसारखे डोळे मिटले आणि नाकाशी धरलं. जरा वेळ तशाच बसल्या. मग म्हणाल्या, "हाय की. चांगला हाय." आणि चटणीत टाकला. त्या दिवशी चटणीला भलताच गारवा आला होता. जाऊ म्हणाली, ह्या खेपेला वेगळीच लागतेय, आणि दिरांनी दोनदा मागून घेतली.

मी बोलले नाही. जिला बरोबर असलं की गप्प बसवत नाही, ती मी गप्प बसले. स्वतःला कारणं दिली तशी बरीच. म्हातारपणी कशाला उघडं पाडायचं. उपाय तर काही नाही. जाऊ घरात असतेच, तिचं नाक शाबूत आहे. ही सगळी सभ्य कारणं होती. त्यांच्याखाली एक असभ्य कारण होतं आणि ते लिहायला मला लाज वाटते: मला बरं वाटलं होतं. वीस वर्षं माझ्याच विषयात ही चौथी शिकलेली बाई माझ्यापुढं होती. आता नव्हती, आणि हे फक्त मला माहीत होतं.

असं दोन वर्षं चाललं. माणसं येत राहिली. आत्या "आ कर" म्हणत राहिल्या, नाक जवळ नेत राहिल्या. मात्र आता त्या प्रश्न फार विचारायच्या. काल काय खाल्लंस, परवा काय खाल्लंस, झोप लागली का, लघवीला कसं होतंय. जिभेचा रंग बघायच्या, नखं बघायच्या. शहाण्या बाईनं जितकं करता येईल तितकं त्या करत होत्या. मी ओट्याच्या टोकाला चहा पीत हे बघत बसायची. आणि हो, त्या दोन वर्षांत त्या माणसांना पूर्वीपेक्षा जास्त वेळा इंदापूरला पाठवायला लागल्या. तेव्हा मला ते नाक गेल्याचं लक्षण वाटलं. आता वाटतं, ती जबाबदारी होती.

तो रविवार वैशाखातला. जाऊ आठवडाभर तिच्या माहेरी गेली होती. मी नऊच्या सुमाराला पोचले. ओट्यावर शेजारीण बसली होती, मशेरीचं बोट तोंडात. तिच्याजवळ तिची लेक. लेकीला चौथा महिना चालू होता, चार दिवसांसाठी माहेरी आली होती आणि पोटात पाणी ठरत नव्हतं. तिच्या हातात स्टीलचा पेला होता. तिनं तो ओठांजवळ नेला, चेहरा वेडावाकडा केला आणि खाली घेतला.

"आई, वास कसातरीच येतोय गं."

"तुला आता सगळ्याचाच वास येतो," शेजारीण म्हणाली. "काल भाताचा बी येत हुता. नाक दाब आन् पी. आक्कांनी बघून दिलंय."

आत्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पी, बाळा. दोन घोटात बरं वाटंल."

पोरीनं नाक दाबलं. मी तोवर पायरीवर पोचले होते आणि मलाही तो वास आला. पुदिन्याच्या, आल्याच्या आणि गुळाच्या मागं रॉकेलसारखा एक वास होता. शेतकऱ्याच्या घरात वावरलेल्या कुणालाही तो कळतो. फवारणीच्या औषधाचा वास.

मी तिच्या हातातून पेला ओढून घेतला. अर्धा काढा तिच्या साडीवर सांडला. मी म्हणाले, "माशी पडलीय त्यात."

आजही आठवलं की मला माझं आश्चर्य वाटतं. पोरीच्या पोटात विष जाणार होतं आणि मी आत्यांची अब्रू झाकायला माशी शोधून काढली. एका दमात दोन्ही गोष्टी वाचवायला निघाले होते.

"कुठं हाय माशी?" आत्या पुढं आल्या. पेल्यात बघितलं. माझ्याकडं बघितलं. त्या काही वेंधळ्या नव्हत्या. आत जाऊन गाळणीतला चोथा तळहातावर घेऊन आल्या, बोटांनी चुरडला, नाकाशी धरला. सवय. मग हात खाली केला आणि तो तसाच शेजारणीच्या नाकापुढं नेला.

"तू घे वास."

शेजारणीनं तोंडातलं बोट काढलं, वाकून वास घेतला. "आवं आक्का, ह्याला तर औषिदाचा वास मारतोय! मक्यावर मारत्यात त्याचा!"

एरवी आत्या ज्या आवाजात "मीठ कमी हाय" म्हणतात, त्याच आवाजात म्हणाल्या, "मला वास येत न्हाय. दोन वर्सं झाली."

मग दिरांना हाक मारली. ते गोठ्याकडून आले, आणि उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मक्यावर अळी पडली होती. शनिवारी संध्याकाळी फवारणी करताना पंपाचं नोझल तुंबलं. रानात वीज नव्हती, मोटार बंद, म्हणून पंप घरी आणून मोरीच्या नळाखाली धुतला. तळातलं उरलेलं ओतलं. आमच्या घरात याबाबत एक कायदा होता, लग्न होऊन आल्यापासून मी ऐकत आले होते: मोरीवर साबण चालेल, पंप चालणार नाही. जाऊ घरात असती तर तिनं ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं. दीर घाईत होते, अंधारून आलं होतं, आणि वाफ्यात शिरलेलं पाणी सकाळी दिसण्यासारखं नव्हतं. फक्त वास येण्यासारखं होतं.

"आई, मला वाटलं, तुला कळंल," दीर म्हणाले. "उद्या वास आला की तूच शिव्या देशील म्हणलं."

पोरीनं घोट घेतला नव्हता, पण ओठ ओले झाले होते. मी तिला खळखळून चुळा भरायला लावल्या, ओठ, हात आणि पाय साबणानं धुवायला लावले, साडी बदलायला लावली, औषधाची बाटली पिशवीत घातली आणि सगळ्यांना गाडीत कोंबलं. आत्यांना घरी थांबा म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. मागच्या सीटवर पोरीच्या शेजारी बसल्या आणि इंदापूर येईपर्यंत तिचा हात धरून ठेवला. शेजारीण पुढं माझ्याजवळ बसली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली वाचली, पोरीला तपासलं, दोन-तीन तास इथंच थांबा म्हणाले. शेजारीण लेकीजवळ आत बसली. बाहेरच्या बाकावर मी आणि आत्या. समोर पाण्याचा कूलर घरघरत होता आणि दारातून हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते.

"तुला ठावं हुतं," आत्या म्हणाल्या.

काय, असं मी विचारू शकले असते. माशी शोधणारं तोंड माझंच होतं. पण या वेळी जमलं नाही. "हो," म्हणाले.

"त्या डहाळीपासनं."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"त्या पानाला देठ हुता," त्या म्हणाल्या. "आपल्या पुदिन्याचं पान दांड्याला चिकटूनच येतं, त्याला देठ नसतो. आन् दांडा जांभळा हुता. नाक गेलं, डोळं हायत की मला."

हा फरक मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर आकृती काढून शिकवते. पुदिन्याचं पान जवळजवळ बिनदेठाचं, पेपरमिंटचं देठ असलेलं. तरीही परीक्षा घेताना माझ्या मनात आलं नव्हतं की नाकाशिवायही ती डहाळी ओळखता येते. मी फक्त नाक तपासायला गेले होते. त्या बाईला वीस वर्षं बघूनसुद्धा.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. आवाज चढला होता, राग आल्यासारखा. रागच आला होता, पण त्यांचा नव्हे.

"तू बोलशील म्हणून," त्या म्हणाल्या. "म्हणलं, हिला कळलंय. ही आता म्हणंल, आत्या, तुमास्नी वास येत न्हाय. तू म्हणली आसतीस, तर मी व्हय म्हणले आसते. मग दोघींनी मिळून काय त्ये ठरवलं आसतं. मला आपणहून बोलवत नव्हतं गं. कुणीतरी आधी म्हणाया पायजे हुतं." मग म्हणाल्या, "ती चटणी तू बी खाल्लीस. बघत बसलीस आन् खाल्लीस."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर मी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं सुचतात. मला रडू आलं. मी सहसा रडत नाही, लोकांसमोर तर नाहीच. त्या दिवशी बाकावर बसून पदरात तोंड खुपसून रडले. आत्यांनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. कूलरमधून पेलाभर पाणी आणलं आणि माझ्यापुढं धरलं.

पोरीला काही झालं नाही. संध्याकाळी सगळे घरी आलो. दिरांनी दुसऱ्याच दिवशी वाफा उपटून काढला, वीतभर माती खणून लांब नेऊन पुरली आणि पन्हळीच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा कोंबून मोरीचं पाणी दुसरीकडून काढलं. पंप धुवायला गोठ्यापलीकडं वेगळा नळ बसवला. हे सगळं त्यांनी कुणाशी न बोलता केलं आणि पुढचे कित्येक दिवस जेवले कमी, असं माहेराहून परतल्यावर जाऊ सांगत होती.

ओट्यावर मात्र कुणी फिरकेना. मी लागोपाठ चार रविवार गेले. आत्या ओट्यावर बसायच्या, लोक रस्त्यानं जायचे, "काय आक्का, बरं हाय का?" विचारायचे आणि थांबायचे नाहीत. शेजारीण यायची, पण पोटाचं काही काढायची नाही. हवापाण्याचं बोलून जायची. आत्या माझ्याशी नेहमीसारखंच वागत होत्या. मला मास्तरीण म्हणत होत्या, चहात साखर जास्त घालते म्हणून बोलत होत्या. मी त्यांची क्षमा मागितली नाही. कुठल्या शब्दांत मागायची ते कळलं नाही, आणि शब्द सापडले असते तरी त्यांना त्यात रस नसता.

पाचव्या रविवारी मी जळोचीच्या बादलीतल्या अर्ध्या मुळ्या उपसल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि गाडीत घेऊन गेले. दिरांनी नवी माती आणून टाकली होती. आत्यांनी खुरप्यानं चर ओढले, मी मुळ्या आडव्या ठेवत गेले, त्या वरून माती लोटत गेल्या. काम संपल्यावर त्यांनी एका मुळीवरचं कोवळं पान खुडलं, दोन बोटांत चुरडलं. स्वतःच्या नाकाकडं नेलं नाही. माझ्या नाकासमोर धरलं.

"सांग. कसा हाय?"

मला कळत होतं की त्या काय विचारताहेत. त्यांच्या सासूनं लावलेला हा पुदिना. वाफा तर उपटला गेलाच होता, उरलं होतं ते एवढंच, माझ्या गॅलरीत नळाच्या पाण्यावर वीस वर्षं वाढलेलं. तसाच आहे, अगदी तसाच आहे, हे शब्द माझ्या ओठांवर तयार होते. म्हातारीला बरं वाटलं असतं. आणि तिला ताडून बघता आलं नसतं, कधीच.

मी पुन्हा एकदा वास घेतला, नीट.

"नाही आत्या," मी म्हणाले. "तसा नाही. गोडसर आहे, पण फिका आहे. मागाहून तिखट लागायचा, तो लागत नाही. निम्मासुद्धा नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडावर असं काही समाधान पसरलं की वीस वर्षांत मी एकदाही त्यांना इतकं खूश केलं नव्हतं.

"व्हय ना?" त्या म्हणाल्या. "मग मोरीचं पाणी लागंल त्याला."

आणि खाली वाकून त्यांनी पन्हळीच्या तोंडातला बोळा उपसून काढला.